आपापल्या भाषेत

लिस्बनच्या परिषदेला मी गेले ती द्राक्षावरच्या डावणी रोगावर बोलायला. नाशिकच्या बागांमधून त्याच रोगामागे माझं अर्धं आयुष्य गेलंय. थोडं फ्रेंच येत होतं म्हणून बोलावणं आलं. तिथे इंग्रजी नव्हतीच. ज्यानं त्यानं आपल्या भाषेत, पण सावकाश बोलायचं. इटलीच्या बाईंनी इटालियनमध्ये विचारलं, पोर्तुगीज गृहस्थांनी पोर्तुगीजमध्ये उत्तर दिलं, आणि स्पेनची मंडळी दोघांचंही समजून हसली. सख्ख्या बहिणींसारख्या भाषा. फ्रेंचच्या आधारानं मलाही निम्मंअधिक कळत होतं. वाटलं, मराठी-गुजरातीत काय कमी आहे?

परत येऊन मी नाशिकला तशीच बैठक ठरवली. नियम आधीच सगळ्यांना कळवला. नवसारीहून एक ज्येष्ठ संशोधक आले. बुरशीवर उभी हयात घालवलेला माणूस. ते गुजरातीत बोलायला लागले. संथ, स्वच्छ. पुढच्या रांगेतले आमचे शेतकरी माना डोलावत होते.

तेवढ्यात आमचे विभागप्रमुख उठले. "सर, इंग्लिशमध्ये घ्या. अहवाल वर पाठवायचाय."

मी म्हणाले, "साहेब, आपलं ठरलं होतं."

"मॅडम, ते परदेशात ठीक आहे. इथे हसतील लोक."

पाहुण्यांनी इंग्रजीत पुन्हा सुरुवात केली. शब्द सापडेनात. मागच्या बाकांवर मोबाईल निघाले, शेतकरी चहाला उठले. मुद्दे तसेच सोडून पाहुणे खाली बसले.

मी त्यांना रिक्षानं महामार्ग स्टँडवर सोडायला गेले. वाटेत ते एवढंच म्हणाले, "बेन, मारुं ज काम, ने हुं नाना छोकरानी जेम बोल्यो."

स्वतःच्याच कामावर लहान पोरासारखं बोललो, हे समजायला मला एकही शब्द अडला नाही. त्यांची पिशवी हातात घेऊन मी एसटी येईपर्यंत उभी राहिले.

नंतर पुन्हा बैठक घ्यायचा प्रयत्न केला. नवसारीला फोन लावला, तर त्यांच्या मुलीनं तब्येतीचं कारण सांगितलं. दुसरं कोणी तयार होईना. लिस्बनची निमंत्रणं अजून येतात. मी ती उघडत नाही. यंदाही पावसात बागांवर डावणी आली, आणि मी तिच्यावरचा लेख इंग्रजीतच लिहून पाठवला. इथल्या कुणी तो वाचलेला नाही.