एका बाजूची होडी

जेवण झालं की तृप्ती माझी पाठ उशीला टेकवते, पंखा दोनवर करते आणि म्हणते, "आई, आता डोळा लागू दे जरा." तृप्ती माझी सून. मी डोळे मिटते, झोप येईल तेव्हा येईल. आज तिला म्हटलं, होडी इथंच राहू दे, माझ्याजवळ. तिनं होडी, टाचण्यांची डबी, पट्ट्या भिजत घातलेली परात, सगळं पलंगालगतच्या टेबलावर आणून ठेवलं. फेविक्विकची नळी आणि एक ओली पट्टी माझ्या हाताशीच राहिली.

"टोपण लावा हं त्याचं," ती दारातनं म्हणाली.

एका हातानं ते टोपण लावून बघ म्हणावं एकदा.

होडी म्हणजे खरी नव्हे. हातभर लांबीची, लाकडाचे सुटे भाग जोडून करायची. आमच्या मालकांनी रिटायर झाल्यावर पुण्याच्या कुठल्याशा प्रदर्शनातनं ते खोकं आणलं होतं. हे सांगलीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. कुठली गाडी कुठं लागलीय ते जन्मभर माईकवरनं सांगितलं, आणि होडीत बसले असतील ते एकदाच, हरिपूरच्या संगमावर. तरी यांना होडी करायची होती! मधला कणा उभा केला, त्यावर फासळ्या बसवल्या, आणि "सावकाश करू" म्हणून खोकं कपाटावर ठेवलं. मी चेष्टा करायची, "काय कॅप्टन, होडी कधी सुटणार?" हे म्हणायचे, "लागली की सांगतो." मग एका सकाळी दाढी करता करता हे गेले, आणि खोकं तसंच राहिलं.

गेल्या वर्षी माझा उजवा हात गेला. पॅरालिसिसचा झटका. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं, पाय ओढत का होईना चालतो, जीभ तर पहिल्यांदा परत आली, ती कुठं जाणार म्हणा. हात तेवढा आला नाही. निम्म्या गावभागाची ब्लाऊजं या हातानं शिवलीत. बाई दारात उभी राहिली की टेप लावायच्या आधी मला माप कळायचं. मला आता देवाकडं दुसरं काही मागायचं नाही. हा हात द्या, बाकी तुमचं तुम्हाला.

व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, काकू, वाटाणे आणि शेंगदाणे वेगळे करत जा उजव्या हातानं. मी काय बालवाडीत आहे? म्हटलं, त्यापेक्षा ही होडी करते. तिला वाटलं उजव्या हातानं करीन. केली ती डाव्यानं. उजवा मांडीवर, पदराखाली. पुस्तिका इंग्रजीत, तेव्हा चित्रं बघून एकेक लाकडी पट्टी पाण्यात मऊ करून फासळ्यांवर चिकटवत गेले. कपड्यांचे चिमटे लावले, टाचण्या लावल्या. एक बाजू वरपासून खालपर्यंत भरून काढली आणि होडी वाकली. कण्यातनंच वाकली. केळ्यासारखी झाली, बाई.

तेवढ्यानं मी खचले नसते. आज सकाळी मांडीवर ठेवलेल्या पट्टीवर तांबडा डाग दिसला. वाटलं, लोणचं सांडलं. बघते तर टाचणी माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात, निम्मी आत गेलेली, आणि मला पत्ताच नाही. शिकायला येणाऱ्या मुलींना मी सांगायची, टोचलं तर बोट तोंडात घाल, रडू नको. मी बोट तोंडात घातलं. ते दुसऱ्याच कुणाचं तरी बोट होतं. मग मात्र मी रडले, तृप्तीला ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड घालून.

खोटं कशाला बोलू, आज डोळे मिटताना एकच मागणं आहे. झोपले ती उठूच नये.

पंखा घरघरतो. घरघर लांब जाते, मग जवळ येते, मग कुणीतरी घसा खाकरतं.

हे टेबलापाशी स्टुलावर बसलेत. निम्म्या गालाला साबण तसाच आहे.

"अहो, तोंड धुवा की," मी म्हणते. इतक्या वर्षांनी दिसले, आणि तोंडातनं निघालं काय तर हे.

"थांब गं. बघू दे जरा." होडी डोळ्यांजवळ धरलीय, चष्मा कपाळावर.

"चष्मा खाली घ्या."

चष्मा खाली घेतात. होडी फिरवून बघतात आणि हसायला लागतात.

"हसायला काय झालं?"

"अगं, सगळ्या पट्ट्या एकाच बाजूनं लावल्यास? वाकणार नाही तर काय होईल?"

"चित्रात एकच बाजू दाखवलीय."

"दुसरी मागं असते की."

माझं डोकं फिरतं. "एवढं कळत होतं तर स्वतः का नाही केलीत? तुम्हाला इंग्रजी येत होतं!"

"वाचलं होतं मी. एक पट्टी इकडं, एक तिकडं, असं करत जायचं. म्हणजे दोन्हीकडचा ओढा सारखा राहतो. म्हटलं, फार किचकट आहे, सावकाश करू." मग होडी माझ्यापुढं धरतात. "तू ब्लाऊजं अशी शिवतेस काय? एक बाजू पुरी करून मग दुसरीचा विचार?"

ब्लाऊजच्या दोन्ही बाजू कापडाची घडी घालून एकदम कापतात. हे मी शंभर पोरींना शिकवलंय.

"पट्टी दे," हे म्हणतात.

मी परातीत हात घालते. पट्टी लागत नाही. मनगट बुडतं, कोपर बुडतं, परातीला तळच नाही. पाणी कोमट आहे. खाली बघते तर पायालाही पाणी, पलंग स्टँडवर फलाटाला लागलाय, आणि बाकड्यावर माझी गिऱ्हाइकं ओळीनं बसलीत. प्रत्येकीच्या मांडीवर ब्लाऊजपीसची पिशवी.

"प्रमिलाताई, झालं का हो?"

"होतंय," मी म्हणते आणि उजवा हात पदराखाली आणखी आत ओढते.

"लग्न आलं की हो पोरीचं."

"होतंय म्हटलं ना!"

हे काचेच्या केबिनमध्ये, माईकपाशी. आवाज तोच, जरा नाकातला. "हरिपूर... हरिपूरला जाणाऱ्या प्रवाशांनी..." फलाटाला गाडी नाही, होडी लागलीय. मोठी, खरी. माझीच आहे, लगेच ओळखते. इकडून बघावं तर नवीकोरी. मी पलंगावरनं उतरून पलीकडं जाते. तिकडं नुसत्या फासळ्या. त्यातनं पलीकडचं पाणी दिसतं.

असू दे तशी. मी पाय वर टाकते.

"ए, ए! कुठं निघालीस?" हे केबिनमधनं ओरडतात.

"तुमच्याबरोबर."

"तुझी लागली नाही अजून."

"ही काय लागलीय! न्या मला."

"प्रमे, उतर खाली."

"नाही उतरत!" मी ओरडते, बाकड्यावरच्या सगळ्या बायका माझ्याकडं बघतात, बघू देत. "तुम्ही गालाचा साबणही न पुसता निघून गेलात, आणि मी काय करू इथं? काय करू सांगा! सकाळी तृप्ती माझ्या ब्लाऊजचे हुक लावते, अहो. पोर चांगली आहे, कधी चेहरा वाकडा करत नाही, पण ती हुक लावते आणि मी भिंतीकडं बघते. मी! गावाची ब्लाऊजं शिवणारी! डॉक्टर म्हणाले, आता यायचं ते आलं. बोटात टाचणी गेली तर कळत नाही मला. असलं जिणं नको. न्या मला, नाहीतर हात परत द्या. दोन्हीतलं एक करा काहीतरी!"

हे माईक बंद करतात. बाहेर येतात. स्टँडवर कुणी नाही आता, बाकडी रिकामी. यांचा चेहरा असा झालाय, पगार उशिरा झाला की व्हायचा तसा.

"मला हातातलं काय कळतंय गं," हे हळू बोलतात. "होडीतलंही धड कळलं नाही."

"मग आलात कशाला?"

"तू रडत होतीस."

एवढंच म्हणतात. मला जास्तच रडू फुटतं.

"बस खाली. ही एक पट्टी लावू मागच्या बाजूला. मग बघू."

"मग न्याल?"

"बघू म्हटलं ना."

आम्ही माझ्या दुकानात बसलोय. मशीन आहे, भिंतीवर कात्री आहे, पाणी पुराच्या साली आलं होतं तेवढं, मशीनच्या पायडलपर्यंत. होडी परत हातभर झालीय, दोघांच्या मधे. यांनी पट्टीचं एक टोक धरलंय.

"हं, दे हात."

मी डावा पुढं करते.

"तो नव्हे."

"तो मेलाय."

"मेलाय तर माझ्यातलाच आहे. दे इकडं."

पदराखाली हात घालून हे माझा उजवा हात बाहेर काढतात. ओशाळल्यासारखा तो बाहेर येतो, बोटं मुडपलेली. यांच्या हाताला साबणाचा वास आहे. एकेक बोट सरळ करतात, अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणतात आणि मधे पट्टीचं टोक ठेवतात.

"दाब."

"नाही दाबता येत."

"कापड कसं धरतेस सुईखाली? तसं."

"दाबतेय की!"

"कुठं? नुसती रडतेयस. दाब."

मी दाबते. कुठनं दाबते, मला कळत नाही. दातांनी दाबते, मानेनं दाबते, पायाचे अंगठे जमिनीत रुतवून दाबते. हे नळीतनं एक थेंब सोडतात. थेंब पट्टीवरनं माझ्या बोटांत उतरतो.

"आता सोडू नको," हे म्हणतात. "काही झालं तरी सोडायचं नाही."

पाणी वर येतं. मशीन बुडतं. होडी आमच्या मधनं उचलली जाते, मोठी होते, आणि हे तिच्यात आहेत, पट्टीचं दुसरं टोक हातात धरून. मी हरिपूरच्या घाटाच्या पायरीवर. होडी वळते. पट्टी ताणली जाते. यांच्या आणि माझ्या मधे आता तेवढीच आहे, बोटभर रुंदीची, ओली, चिवट.

"अहो, ओढा मला! ओढा आत!"

हे ओढत नाहीत. नुसते धरून आहेत.

"धरलंय का?" तिकडनं विचारतात.

"धरलंय!"

"कुठल्या हातानं?"

मी खाली बघते. डावा हात रिकामा आहे. तो घाटाच्या दगडावर टेकलाय. "उजव्या! अहो, उजव्या हातानं धरलंय!"

"मग ठीक आहे," हे म्हणतात आणि आपलं टोक सोडतात.

मी ओरडते. होडी सरकत जाते, तिची उघडी बाजू माझ्याकडं असते, फासळ्यांमधनं हे दिसतात, मग निम्मे दिसतात, मग साबण लावलेला गाल तेवढा. गालावर हात फिरवतात. आता आठवलं वाटतं यांना. मी नाव घेऊन हाक मारते, सगळ्या जन्मात मारली नाही तशी, "मधुकर!" म्हणून. पाण्यावर माईक खरखरतो. काहीतरी सांगतात, पण फलाट नंबर कळत नाही.

"आई. अहो आई! चहा आणलाय. स्वप्न पडलं का? कुणाला हाक मारत होतात?"

खिडकीत ऊन उतरलंय. पंखा दोनवर. तृप्ती कप घेऊन उभी. मी इथंच आहे. नेलं नाही त्यांनी.

"अगं बाई, हे काय करून ठेवलंत!" कप टेबलावर ठेवून ती माझ्यावर वाकते. "टोपण लावा म्हटलं होतं की नाही? सगळी नळी सांडली चादरीवर. आणि ही बोटं..."

मी मान वळवते. माझा उजवा हात चादरीवर आहे. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना चिकटलीत, आणि त्यांच्या मधे पट्टी. ताठ धरलेली.

"झोपेत त्यात हात पडला असणार," तृप्ती म्हणते. "थांबा, गरम पाणी आणते. गोडं तेल लावू थोडं, सुटेल. घाबरू नका, तुम्हाला काही कळायचं नाही."

ती पाणी आणते, तेल आणते. माझी बोटं वाटीत बुडवते, चोळते. मी होडीकडं बघते. वाकडी ती वाकडीच आहे. मागची बाजू उघडी, सगळ्या फासळ्या दिसताहेत.

"आता जरा सुटतंय बघा," ती म्हणते. एका हातानं माझा अंगठा धरते, दुसऱ्यानं पट्टी, आणि खसकन ओढते.

"आई गं!"

"सॉरी सॉरी सॉरी! फार दुखलं का? मी हळूच..."

ती बोलता बोलता थांबते. माझ्या तोंडाकडं बघते, मग हाताकडं. हात तिच्याच हातात आहे. ती तो खाली ठेवत नाही, मीही काढून घेत नाही. चहावर साय धरते.

"आई," ती अगदी हळू म्हणते, "दुखलं?"

पट्टी अजून पहिल्या बोटाला लोंबतेय, त्या बोटाला चिकटून, सकाळी ज्यात टाचणी गेली होती. मी हात तिच्यापुढं करते. डाव्या हातानं उचलून नव्हे. तसाच, जेवढा येईल तेवढा.

"परत ओढ," मी म्हणते. "तृप्ती, परत ओढ."