नऊ खोल्यांनंतरची घरमालकीण

"कोण म्हणतं?"

हे विचारताना मावशी पदराचं टोक कमरेत खोचायच्या आणि समोरच्या माणसाच्या मागं बघायच्या. म्हणणारा तिथंच कुठंतरी दडून उभा असावा, अशी ती नजर. शाळेत आम्ही सगळे या प्रश्नाला वचकून होतो. "मावशी, घंटा आज दोन मिनिटं उशिरा झाली म्हणतात," असं कुणी बोललं की हा प्रश्न आलाच. "सगळेच म्हणतात" या उत्तरानं त्यांचं समाधान व्हायचं नाही. "सगळे म्हंजे किती? नावं सांगा." नाव कुणी सांगायचं नाही. मावशी पुढच्या तासाची घंटा द्यायला निघून जायच्या.

चिकलठाण्याच्या बाजूला आमची शाळा आहे. मी तिथं शिक्षिका, त्या शिपाई. त्यांचा नवरा कारखान्यात होता, तो लवकर गेला. एका मुलीला घेऊन त्यांनी या शहरात नऊ भाड्याच्या खोल्या बदलल्या. मग विमानतळाच्या पलीकडं एक लहानसा प्लॉट घेतला, खाली दोन खोल्या बांधल्या. मुलगी लग्न होऊन जालन्याला गेली. निवृत्त झाल्यावर मावशींनी वर एक खोली चढवली, बाहेरून वेगळा जिना काढला, आणि एका रविवारी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, तुमचं अक्षर चांगलं हाय. पाटी लिहून द्या."

मी रंगाचा ब्रश घेऊन बसले. 'खोली भाड्याने देणे आहे' एवढं लिहिलं आणि विचारलं, "पुढं काय? फक्त फॅमिली? शाकाहारी?"

"कामून?"

"सगळे लिहितात."

त्या माझ्या मागं बघायला लागल्या. मी खाली फक्त फोन नंबर लिहिला.

तुम्ही कधी भाड्यानं राहिला असाल तर तुम्हाला माहीत असेल, घरमालक आधी आडनाव विचारतो, मग नोकरी, मग जेवणात काय चालतं ते. मावशींचा प्रश्न एकच होता. आधी त्या माणसाला एकट्यालाच वर खोली बघायला पाठवायच्या. तो खाली आला की विचारायच्या, "आमच्या गल्लीत नळ आठ-आठ दिवसांनी येतो. तुमच्याकडं पाणी कोण भरतं?"

पहिल्यांदा एक बँकेतला गृहस्थ आला, बायकोला घेऊन. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, कागद सगळे फायलीत लावलेले. प्रश्न ऐकून त्यानं बायकोकडं बोट केलं. तिनं मान खाली घातली. मावशींनी त्यांना चहा पाजला आणि खोली नाही म्हणून सांगितलं.

"अहो, इतका चांगला माणूस," मी म्हटलं.

"आसंल. पण सहा महिन्यांची पोटुशी हाय ती. तुम्ही पाहिलं नाय का?"

मी खरंच पाहिलं नव्हतं.

दुसरा एक मुलगा, कंपनीत इंजिनिअर. त्यानं पाण्याचं उत्तर बरोबर दिलं, पण जाता जाता विचारलं, "गल्लीत लोक कसले आहेत?"

"दोन हात, दोन पायवाले."

"तसं नाही मावशी, म्हणजे आपल्यातले…"

मावशींनी जिन्याच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. तो बराच वेळ गाडीपाशी उभा होता. आपलं काय चुकलं हे त्याला कळलं नसावं.

अशी सात-आठ माणसं गेली. पाटीवरचा रंग उन्हानं उडायला लागला. जालन्याची मुलगी फोनवर चिडली, मीही चिडले. म्हटलं, "मावशी, जावई नाही शोधायचाय." त्या म्हणाल्या, "जावयाला एवढं इचारलं नव्हतं, तीच चूक झाली." आणि खळखळून हसल्या.

मग एका दुपारी पंचविशीची एक मुलगी स्कूटीवरून आली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करत होती. नाव विचारलं तर पूजा म्हणाली. खोली बघून खाली आली. पाण्याचं विचारल्यावर म्हणाली, "मीच भरते. दुसरं आहेच कोण?" मावशींनी त्याच क्षणी पाटी काढून आत आणून ठेवली.

भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यावी लागते. तो अर्ज आणि अकरा महिन्यांचा करार, दोन्ही मी करून देणार होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी मावशींच्या पुढच्या खोलीत बसलो. मी आधार कार्ड मागितलं. मुलगी म्हणाली, विसरले. मग म्हणाली, फोनमध्ये फोटो आहे. मग म्हणाली, फोनची बॅटरी गेली. मी लिहायची थांबले. तेव्हा ती उठली, दारात जाऊन आधी चपला घातल्या आणि मग पर्समधून कार्ड काढून उंबऱ्याच्या आत, माझ्या दिशेनं धरलं.

कार्डावर परवीन असं नाव होतं. पत्ता खुलताबादचा.

"जाते मी," ती म्हणाली. "झूठ बोलना नहीं था मेरेकू. पण मावशी, सात घरं बघितली. फोनवर खोली रिकामी असते. नाव सांगितलं की ती कालच गेलेली असते."

मावशींचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "मावशी, नीट विचार करा. गल्लीत नसता त्रास होईल. आणि ती खोटं बोलली, एवढं कारण पुरे आहे."

खरं सांगते, ते कारण मिळाल्याचा मला आनंद झाला होता. धर्माचं नाव घ्यायची गरज उरली नव्हती.

मावशी माठापाशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तिसऱ्या खोलीत आमच्या मालकानं, पोरीच्या बापानं, आडनाव बदलून सांगितलं होतं. कुणाचंबी असू शकतं असं आडनाव. सव्वा वर्ष राहिलो. घरमालकीण लई जीव लावायची पोरीला. रोज खिरीची नायतर शिऱ्याची वाटी. मग एप्रिल आला. पोरगी चार वर्षांची. तिनं घरमालकिणीला सांगितलं, आम्ही जयंतीला जाणार, माझा निळा फ्रॉक बघा. झालं. आम्ही जयभीमवाले हे तिला कळलं. ती काई बोलली नाय मॅडम. शिवी दिली नाय. पोरीच्या हातातली वाटी तेवढी काढून घेतली. अर्धी खाल्लेली."



त्या बाहेर आल्या. मुलगी अजून उंबऱ्यातच उभी होती, कार्ड हातात, डोळे लाल.

"माझ्या घरात, माझ्या तोंडावर खोटं बोललीस," मावशी कडाडल्या.

"हो."

"काय बघायलीस? जा बाहेर. गेटच्या बाहेर जा आन् गेट लावून घे."

ती गेली. गेटची कडी वाजली. मला वाटलं, संपलं. मावशी मात्र दारात कमरेत पदर खोचून उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आता परत ये. नव्यानं."

मुलीला कळायला वेळ लागला. मग कडी पुन्हा वाजली.

"कोण?"

"परवीन."

"कुठली?"

"खुलताबादची."

"काय काम हाय?"

"खोली… खोली पाहिजे."

"मोठ्यानं बोल. गल्लीला ऐकू जाऊ दे."

"परवीन! खुलताबादहून आले. खोली पाहिजे!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला रडू फुटलं.

"ये आत," मावशी म्हणाल्या. "मॅडम, अर्ज भरा. अक्षर नीट काढा."

पण मावशी भोळ्या नव्हत्या हो. नाव खरं निघालं म्हणून सगळंच खरं मानायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या तिच्या आधीच्या वसतिगृहावर जाऊन तिथल्या बाईंना भेटल्या. पुढं एके दिवशी सकाळी उपाशीपोटी तिच्या लॅबमध्ये जाऊन रांगेत बसल्या आणि साखर तपासायला हात पुढं केला. परवीननं त्यांना पाहिलं, ओळख दाखवली नाही, बाकीच्यांसारखंच नाव विचारलं, नळीवर लिहिलं आणि रक्त काढलं. परत येऊन मावशींनी मला फोन केला. "पास झाली. टोचलेलं कळलं नाय. हात हलका हाय पोरीचा."

"आणि साखर?"

"ती वाढलेली निघाली. ते जाऊ द्या."

परवीन राहायला आली त्याच आठवड्यात गल्लीतले सहा-सात जण संध्याकाळी गेटवर आले. पुढं होते एक निवृत्त सुपरवायझर, समोरच्या दुमजली घराचे मालक. मी कराराची प्रत द्यायला आले होते, ती हातात घेऊन ओट्यावर बसले होते.

"मावशी, तुम्ही एकट्या बाई," सुपरवायझर म्हणाले. "तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. लोक म्हणतात, असली भाडेकरू इथं नको."

"कोण म्हणतं?"

"सगळी गल्ली म्हणते."

"गल्लीला तोंड नसतं, दादा. माणसाला असतं. कोण म्हणतं त्याचं नाव सांगा. मॅडम, कागद हाय ना? लिवून घ्या."

मी पेन काढलं. सुपरवायझरनी मागं वळून पाहिलं. मागच्यांतला एक जण फोन बघायला लागला, दुसरा मुलाला हाक मारत निघून गेला.

"माझंच नाव लिहा," शेवटी सुपरवायझर म्हणाले. त्या एका गोष्टीबद्दल मला आजही त्यांचा मान वाटतो.

"लिवलं. आता माझं ऐका. या पोरीचा करार केलाय, पोलिसात नोंद केलीय. तुमच्या वरच्या मजल्यावर चार पोरं राहतात. त्यांची केली का?"

सुपरवायझर आपल्या वरच्या मजल्याकडं बघायला लागले.

"मग आधी ती करा. माझी भाडेकरू तिच्या नावानं राहते. तिला काढायची असंल तर मला हितून काढावं लागंल. नऊ खोल्यांतून निघालेय मी, दादा. दहावी माझी हाय."

लोक गेले. पण गोष्ट तिथं संपली नाही, संपत नसतेच. त्या उन्हाळ्यात गल्ली मिळून पाण्याचा टँकर मागवायची. त्यातून मावशींचं नाव वगळलं गेलं. पाइप बरोबर त्यांच्या गेटच्या अलीकडं थांबायचा. परवीन म्हणाली, "मी दुसरीकडं बघते." मावशींनी तिला असं झापलं की ती पुन्हा तो विषय काढायला धजली नाही. दोन महिने त्या दोघींनी मागच्या वस्तीतल्या बोअरवरून पाणी आणलं. स्कूटीच्या पुढं एक कॅन, मागं मावशी, मावशींच्या मांडीवर दुसरा कॅन. ती वरात भर दुपारी गल्लीच्या मधोमध, हॉर्न वाजवत यायची. हॉर्न वाजवायला मावशीच सांगायच्या.

मग एके दिवशी टँकर आला तेव्हा शेजारच्या बाईनं आपली टाकी भरल्यावर पाइप उचलला आणि मावशींच्या हौदात सोडला. पुढच्या खेपेला कुणी अडवलं नाही. सुपरवायझर मात्र मावशींशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. मावशींनाही त्याची घाई नव्हती.

करार दोनदा वाढवला. या काळात मावशींचं शरीर मात्र उतरत गेलं. साखरेनं मूत्रपिंड धरलं. जालन्याची मुलगी न्यायला आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "येते. आधी एक काम हाय." आणि मला रिक्षा आणायला सांगितली.

करार करून देणाऱ्या एजंटच्या दुकानात त्या परवीनच्या खांद्याला धरून चढल्या. तिथं यंत्रावर अंगठा उमटवावा लागतो. मावशींचा अंगठा यंत्र घेईना. इतकी वर्षं फरशा पुसून, भांडी घासून त्यावरच्या रेषाच पुसल्या गेल्या होत्या. एकदा, दोनदा, पाचदा. एजंट म्हणाला, "आजी, राहू द्या आज. पुढच्या आठवड्यात बघू." मावशींनी अंगठा तोंडानं फुंकला, पदरावर घासला आणि काचेवर असा दाबला की नख पांढरं पडलं. यंत्रानं घेतला.

मग एजंटनं मुदत वाचली आणि चमकून माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, छत्तीस महिने? चुकून पडलं का? लोक अकरा महिन्यांचाच करतात."

"करू द्या," मावशी म्हणाल्या. "त्यांची घरं, त्यांचे महिने. माझं घर हाय, मी वर्षं देईन."

परवीन काहीतरी बोलायला गेली. मावशींनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. एजंटला म्हणाल्या, "छाप."

त्यानंतर त्या जालन्याला गेल्या, आणि चार महिन्यांनी तिकडंच वारल्या. मुलगी दिवस झाल्यावर घराचं बघायला आली. गल्लीतले दोघे-तिघे लगेच आले. म्हणाले, विकून टाका, गिऱ्हाईक आहे, फक्त वरची खोली रिकामी पाहिजे. मुलीनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन कपाटातून करार आणला आणि शेवटच्या पानावरचा आईचा अंगठा त्यांना दाखवला.

मी कधीमधी त्या बाजूनं जाते. खालच्या खोल्यांना कुलूप असतं. जिन्यावर परवीनचं हेल्मेट अडकवलेलं असतं, वर दोरीवर लॅबचा पांढरा कोट वाळत असतो. मावशी नाहीत. करार संपायला अजून दोन वर्षं आहेत.