पणजीचा गुत्ता

आमच्या घराण्याची वंशावळ छापायची ठरली आणि शुद्धलेखन तपासायला वही माझ्याकडे आली. पारनेरच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून. पणजीच्या नावापुढे चुलत्यांनी लिहिलं होतं, ‘किराणा दुकान चालवीत असत.’ माझं डोकंच फिरलं.

किराणा कसला? ती दारूचा गुत्ता चालवायची. पणजोबा ऐन तिशीत गेले, दीर जमीन दाबून बसले, तेव्हा या बाईनं सरकारी लिलावात उभं राहून गुत्त्याचा मक्ता घेतला. त्याच गुत्त्यावर आजोबा शिकले, मास्तर झाले आणि आम्ही सगळे आज पांढरपेशे म्हणून मिरवतो.

आजोबा सांगायचे, बाजारच्या दिवशी गुत्त्यात शिरणाऱ्याला ती आधी पिशवी उघडायला लावायची. आत मीठमिरची, तेल दिसलं तरच पेला पुढे यायचा. पिशवी रिकामी असली तर मग तो पाटील का असेना, आल्या पावली परत बाजारात. एकजण चिडून म्हणाला, “तू दारू इकतीस का संसार शिकवतीस?”

“दोनीबी. न्हाई पटत तर दुसरा गुत्ता बघ. चार कोसावर हाय.”

दारूनं घरं बसतात, हे मला कुणी शिकवू नये. गावात बाटली आडवी करायचं मतदान झालं तेव्हा रांगेत पहिली मीच होते. पण म्हणून पणजीला किराणावाली करायची? मुळीच नाही.

वही घेऊन चुलत्यांकडे गेले. मी ‘किराणा दुकान’ खोडून ‘दारूचा गुत्ता’ लिहिलेलं पाहून ते उखडले. “पोरींची लग्नं जमायची हायेत अजून. लोक काय म्हनतील?”

“काका, लोकांच्या पणजोबांनीच तिथं पेले रिकामे केलेत. ते काय म्हणणार?”

“मंग माझं नाव काढ त्यातनं.”

मी लाल पेन उघडलं आणि त्यांचं नाव खोडलं.

काकांनी वही ओढून घेतली. “आगं, खरंच खोडलंस व्हय?”

“तिला लपवायचं असेल, तर तिच्याखालचं कुणीच कशाला हवं?”

चहा आला, गार झाला. शेवटी वही माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, “लिही परत. पन ते गुत्त्याचं बारीक अक्षरात घाल.”

नगरच्या छापखान्यात समोर उभी राहून मी ती ओळ जाड ठशात लावून घेतली.