दादाचे साचे

फोन आला तेव्हा मी साच्यांत स्लिप ओतून बसले होते. स्लिप म्हणजे चिनी मातीचा पातळ घोळ. प्लास्टरचा साचा त्यातलं पाणी पितो, कडेनं माती धरते, आणि उरलेला घोळ वेळेवर उलटा करून काढला की पोकळ कप हाती येतो. "आत्या, बाबा गेले..." भाचा भंडाऱ्याच्या दवाखान्यातून एवढंच बोलला. मी तशीच उठले. त्या दिवशीचे कप आतून भरीव निघाले. ते फेकायला अजून हात धजत नाही.

दादा माझा थोरला भाऊ. परमुलखात कारखान्यात साचे करून तो पवनीला परतला आणि घरामागं त्यानं शेड टाकलं. साचे त्याचे, ओतकाम माझं. साचे तो पहाटे, मी पोचायच्या आत करायचा. तेव्हा जवळ कुणी नको असे. "प्लास्टर पान्यात पडलं का कोनासाठी थांबत नाही," म्हणायचा. स्वभावानं हट्टी. जुन्या साच्याच्या कडेवर अंगठा फिरवून "हा म्हातारा झाला" म्हणत तो बाहेर काढायचा, आणि मी, जातीची चिकट, तो गुपचूप परत आणून ठेवायची.

मागच्या हिवाळ्यात त्याला धाप लागायला लागली. "मंदा, साचा शिकून घे ना. मी का जलमभर पुरनार आहो?"

"आधी बरा हो, मंग शिकीन."

तीनदा म्हणाला, तीनदा मी टाळलं. मी शिकत नाही तोवर त्याला जाता येणार नाही, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात होतं... चौथ्यांदा तो म्हणालाच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ते मला आयुष्यभर टोचणार आहे.

साचे झिजतात. आता कपांचे कान बोथट निघू लागले. म्हणून गेल्या आठवड्यात मीच धीर केला. प्लास्टर चिकटू नये म्हणून मूळ कपाला साबणाचं पाणी लावलं, भोवती चौकट बांधली, प्लास्टर ओतलं. थोड्या वेळानं हात लावून पाहिला तर साचा चांगलाच तापलेला! सगळं बिघडवलं, असं वाटलं आणि तोंडातून निघूनच गेलं, "दादा, हे तापून राहिलं गा!"

स्वयंपाकघरातून वहिनी धावत आली. साच्यावर तळहात टेकवला.

"घट्ट होताना प्लास्टर तापतेच, मंदाबाई. थंडीत ते याच्यावर हात शेकत बसत."

मीही हात ठेवला. साचा पार निवेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.