राखणदार पेशी

त्यांच्या हातात काहीही द्या, ते आधी नाकाशी नेतात. मी दिलेला व्यायामाचा तक्ताही त्यांनी हुंगला होता. नामपूरचे कांदा व्यापारी ते. थोरल्या भावाला दर मंगळवारी गंगापूर रोडला माझ्याकडे फिजिओथेरपीला आणतात. भावाला मोटर न्यूरॉनचा आजार आहे, हातातलं बळ चाललंय. जास्त ताण देऊ नका, असं मी कितीदा सांगितलं, तरी यांचं "अजून दहा वेळा, आप्पा" चालूच.

परवा जिना चढतानाच ते बोलू लागले. "मॅडम, डॉक्टरांनी लय भारी सांगितलं. मेंदूत राखणदार पेशी असतात. आधी त्या नसांना जपतात, मग बिथरल्या की नसांनाच इजा करतात. त्यांना शांत करायचं औषध शोधून राहिलेत." डोळे नुसते चमकत होते. "आमच्या कांदाचाळीत असंच होतं. सडका कांदा काढताना हात जोरात चालला, की चांगल्यालाही मार लागतो."

मग त्यांनी आप्पांचा हात धरून मोजायला सुरुवात केली आणि तिसऱ्यालाच थांबले. हात अलगद उशीवर ठेवला.

"बास आज. औषध येईस्तोवर आप्पा टिकले पाहिजेत."