नव्या आयपीवरून गेलेलं बोलावणं

सपना अंधेरीच्या एमआयडीसीत बसून सर्व्हर सांभाळते. सर्व्हर तिथे नसतोच. तो असतो दूर कुठेतरी थंडगार खोलीत, आणि ही बाई घाटकोपरहून मेट्रोने येऊन खुर्चीतून त्याचे नखरे पुरवते. तिच्याइतकी सावध बाई शोधून सापडायची नाही. नेटवर्कला हात लावण्याआधी ती सर्व्हरला बजावून ठेवते: थोड्या वेळात मी 'ठीक आहे' म्हटलं नाही, तर सगळं होतं तसं करून टाक. कारण एक आकडा चुकला की सर्व्हर आतून कडी लावून बसतो, मग बाहेरून कितीही ठोठावा. शेजारच्या टेबलावरचा देवेश या सवयीवरून तिची यथेच्छ टिंगल करतो.

त्या दिवशी काम होतं मुलुंडच्या अंबादासकाकांचं. काका विधवा-विधुरांचे परिचय मेळावे भरवतात, पण त्यांचे ईमेल कुणाला पोचतच नव्हते. बिचाऱ्यांचा दोष काहीच नाही. एका सर्व्हरवर, एकाच आयपी पत्त्यावर चार बिऱ्हाडं, आणि त्यातल्या एका प्लॉट विकणाऱ्याने जगभर जाहिरातींचा कचरा ओतलेला. त्याच्या पायी पत्ताच बदनाम झाला. उपाय सरळ होता: सर्व्हरला नव्या पत्त्यांचा एक गट, म्हणजे सबनेट, जोडायचा आणि त्यातला एक कोरा पत्ता काकांना द्यायचा.

सपनाचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, सपना सासरी, आणि आई शकु पंतनगरच्या खोलीत एकटी टीव्हीशी भांडत बसलेली. फार मागे लागून सपनाने तिचं नाव काकांकडे घातलं होतं.

"तू ढकलून मी जायची नाही," शकुने ठणकावलं होतं. "त्यांचं बोलावणं येऊ दे, मग बघू."

नवे पत्ते चढले, बाहेरच्या जगाकडे जाणाऱ्या दाराने, म्हणजे गेटवेने, ओ दिली, मेळाव्याची निमंत्रणं सुटू लागली. "झकास!" म्हणत सपना देवेशबरोबर चहाला खाली उतरली आणि सर्व्हरला 'ठीक आहे' म्हणायचं साफ विसरली. तो पडला आज्ञाधारक. वेळ झाल्यावर त्याने नवे पत्ते काढून टाकले, उरलेली निमंत्रणं त्याच बदनाम पत्त्यावरून निघाली आणि धडाधड परत आली.

"वाट लागली रे!" परतल्यावर सपना ओरडली.

"एवढी सावध राहशील तर असंच होणार," देवेश म्हणाला. हसू काही त्याला आवरत नव्हतं.

तिने सगळं पुन्हा बसवलं, या वेळी 'ठीक आहे'सुद्धा म्हटलं. मग कुणाचं पोचलं, कुणाचं परत आलं, त्या नोंदी पाहिल्या. आईचं निमंत्रण पहिल्या झटक्यातच पोचलं होतं. पोचलं होतं, आणि एरवी काहीही झालं की लगेच कळवणाऱ्या आईचा फोन नव्हता. म्हणजे आई जाणार नाही. सपनाला भयंकर वाईट वाटलं, रागही आला.

काकांना फोन करून तिने झालेला घोळ सांगितला. "परत आलेली तेवढीच पुन्हा पाठवते, काका."

"कशाला निवडत बसतेस? सगळ्यांनाच पाठव," काका म्हणाले. "दोनदा बोलावलं म्हणून कुणी रागवत नाही गं."

तिने पाठवली. संध्याकाळी निघायच्या बेतात असताना आईचा फोन आला.

"अगं, त्या मुलुंडवाल्यांचं दुपारी आलं होतं बोलावणं," शकु म्हणाली. "मी म्हटलं, तोंडदेखलं असेल. एकदा काय, सगळेच बोलावतात. पण आता परत आलं बघ."

"हो?"

"हो ना. इतका आग्रह मला कोण करतंय गं आता?" शकुचा आवाज जरा ओला झाला. "नाही गेले तर बरं दिसेल का?"

"मुळीच नाही दिसणार, आई," सपना म्हणाली, आणि दुपारच्या घोळाचा विषयच काढला नाही.