पिझ्झ्यावरचं मटण

थर्माकोलचा डबा घेऊन येणारी ट्रॅव्हल्स सकाळी सातला जळकोटच्या फाट्यावर यायची होती आणि साडेआठ वाजले तरी तिचा पत्ता नव्हता. मी स्वभावानंच घाबरट. दूध चुलीवर ठेवलं की मला ते उतू गेलेलंच दिसतं. त्या दिवशी तर बर्फ वितळतोय, पाणी गळतंय, आतलं मटण उबून वास मारतंय, हे सगळं मला अंगणात उभ्या उभ्या दिसत होतं. फाट्यावर थांबलेल्या नवऱ्याला मी चार वेळा फोन केला. पाचव्यांदा त्यानं उचललाच नाही.

लग्नाआधी मी पुण्यात एका इटालियन हॉटेलात पाच वर्षं काम केलं. तिथले मुख्य आचारी बोकडाची अख्खी मांडी मिठात मुरवून, मिरी चोळून, कित्येक महिने थंड खोलीत टांगून वाळवायचे. इटलीत असलं मांस बहुतेक डुकराचं असतं. ते मी घरात आणलं असतं तर त्याच ट्रॅव्हल्सनं माझी माहेरी रवानगी झाली असती. पण तिकडची डोंगराकडची माणसं बकऱ्याचंही करतात, असं आचारी सांगायचे. त्याचे कागदासारखे पातळ, लालबुंद काप करायचे, भट्टीतून निघालेल्या पिझ्झ्यावर पसरायचे आणि तसेच खायचे. शिजवायचे नाहीत. आचाऱ्यांनी माझ्यासाठी पाव किलो काप पाठवले होते.

एवढा आटापिटा कशासाठी, तर शेडसाठी. हायवेला लागून आमचं पत्र्याचं शेड आहे. तिथं मला पिझ्झा विकायचा होता. खताच्या एका दुकानदारालाही ते शेड हवं होतं आणि माझे सासरे सोमवारी त्याला शब्द देणार होते. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांच्यापुढं दोन वर्षं हा विषय काढायचा माझा धीर झाला नव्हता. शेवटी नवऱ्यानं काढला, तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "मटण घालून करत्यात का त्ये? मग रविवारी कर. खाऊन बघू, मग बोलू."

म्हणजे एक रविवार, एक पिझ्झा. तो फसला की आयुष्यभर पोळ्या लाटायच्या, हे मला स्वच्छ कळत होतं.

साडेनऊला डबा आला. मी आधी नाक खुपसलं. मांस चांगलं होतं. तेवढ्यात पिठाची काळजी सुरू झाली, कारण उन्हाळ्यानं ते पातेल्याबाहेर यायला लागलं होतं. आमच्याकडं मटण स्वयंपाकघरात जात नाही. त्याची चूल अंगणात, भांडी वेगळी. सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, मांस-मासे सोडून कित्येक वर्षं झाली. मटणाच्या दिवशी त्या अंगणातल्या चुलीकडं फिरकतही नाहीत. मी काप ताटात मांडून वर फडकं टाकलं. चुलीवर जाड खापर तापवून, वर झाकण घालून त्यावर निखारे ठेवायचे, असा माझा बेत होता. लाकडं कमी वाटली म्हणून बांधावरची वाळकी बाभळ आणायला गेले. फार तर वीस मिनिटं गेली असतील.

परत आले तर ताट रिकामं. चुलीवर पातेलं रटरटत होतं आणि आत्या त्यात पळी फिरवत होत्या. पिवळ्या पाण्यात माझे काप बटाट्याच्या सालांसारखे वळून वर-खाली होत होते.

"लई रगत दिसत व्हतं," त्या म्हणाल्या. "चार पाण्यानं धुतलं आन् हळद-मीठ घालून उकडलंय बग."

आमच्या भागात मटण आलं की आधी हेच होतं. धुवायचं, हळद-मिठात उकडायचं, मग पुढचं. हे मला माहीत होतं, तरी माझा तोल सुटला. मी सासूबाईंवर पहिल्यांदाच ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला? वाट लावली सगळी!"

त्यांनी पळी खाली ठेवली आणि त्या आत निघून गेल्या.

मी ते काप पिळून काढले. चव बघितली, चामड्याची चिवट वादी नुसती. पिझ्झा घाईघाईत थापला, तर एक बाजू जाड झाली, एक फाटली. खाली थोडा करपलाही. मामा येऊन पाटावर बसले. त्यांनी बोटानं चीज बाजूला सारलं आणि मटणाचा तुकडा उचलून उजेडात धरला.

"शिजलंय न्हवं?"

"हो मामा."

ते चावत राहिले. त्यांनी दुसरा तुकडा घेतला, मग लसणाची चटणी मागितली.

"ह्यो फोनात दाखवत व्हता, लाल कच्चं मटण घालत्यात म्हून," नवऱ्याकडं बघत ते म्हणाले. "तुझ्या सासूला सकाळीच म्हनलं, तसलं समोर आलं तर म्या पाटावरनं उठून जाईन. पर तू शिजीवलंस, ब्येस केलंस. खतवाल्याला नगं म्हून सांगतो. शेड झाडून घ्या."

नवरा हसला. मला हसू येईना. माझीच मला लाज वाटत होती.

न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. भर दुपारी आत्या डोक्यावरून पाणी घेत होत्या. दाराबाहेरच्या खुंटीवर त्यांची तुळशीची माळ होती. लग्न होऊन आल्यापासून ती माळ मी त्यांच्या गळ्याबाहेर पाहिली नव्हती, अगदी त्या दवाखान्यात होत्या तेव्हाही नाही.

"खाल्लं का त्येनी?" आतून आवाज आला.

"खाल्लं. शेड दिलं."

"बरं झालं."

"आत्या, मी फार वाईट बोलले तुम्हाला."

"बोललीस ती बोललीस. पर कच्चंच घालाय निघालतीस, पोरी. अशानं मानसं आजारी पडतील की."

ते शिजवायचं नसतं, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"हात धू आन् तेवढी माळ दे," त्या म्हणाल्या.

मी साबणानं तीनदा हात धुतले. नाकाशी नेले तर मटणाचा वास होताच. माळेला हात लावायचं माझं धाडस होईना, आणि दाराच्या फटीतून आत्यांचा ओला हात तसाच बाहेर थांबून होता.